आमचा क्विंटल

शिष्यवृत्तीच्या जादा तासाला गुरुजींनी फळ्यावर कोष्टक लिहिले. १००० ग्रॅम म्हणजे १ किलोग्रॅम. १०० किलोग्रॅम म्हणजे १ क्विंटल. १० क्विंटल म्हणजे १ टन. आम्ही ते तीनदा मोठ्याने म्हटले. मग गुरुजींनी विचारले, "क्विंटल कुणी कुणी पाहिला आहे?" सगळ्यांनी हात वर केले. गुरुजी म्हणाले, "मग सांगा, कसा असतो?" सगळ्यांचे हात खाली आले. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "गुरुजी, मोठा असतो." सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत क्विंटल बघून या. जो नीट बघून येईल त्याचे लिखाण २६ जानेवारीच्या भित्तिपत्रकात लावू."

म्हणून हे लिहीत आहे.

आमचे गाव चंदगड तालुक्यात डोंगराच्या कडेला आहे. आमच्या घरी आबा, आजी, आई, बाबा, ताई आणि मी अशी सहा माणसे. बाबा गोव्याला कामाला आहेत, ते महिन्यातून एकदा येतात. आबा म्हणजे माझे आजोबा. आमचे थोडे भात असते, नाचणी असते आणि डोंगरउतारावर काजूची झाडे आहेत.

मी पहिल्यांदा दुकानात गेलो. दुकानदार काकांकडे आता विजेवरचा काटा आहे. त्यावर ३० किलोच्या वर ठेवायचे नाही. जुनी लोखंडी वजने फळीखाली धूळ खात पडली होती. ५० ग्रॅमचे होते, १०० चे, २०० चे, ५०० चे, मग १ किलो, २ किलो आणि ५ किलो. मी विचारले, "काका, क्विंटलचे वजन आहे का?" काका म्हणाले, "असलं तर उचलणार कोण? तू?" दुकानात दोन माणसे होती ती हसली. मी चहापूड घेऊन घरी आलो.

मग मी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना विचारले. हे मी सुट्टी लागायच्या आधीच केले, कारण सुट्टीत खिचडी नसते. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ असा नियम आहे. आमच्या शाळेत ४० मुले. ४० गुणिले १०० म्हणजे ४००० ग्रॅम, म्हणजे ४ किलो. मग १०० किलोला २५ दिवस. मावशी म्हणाल्या, "म्हंजे रविवार, सुट्ट्या धरून महिनाभर पुरला की रे तुझा क्विंटल." तांदळाचे एक पोते ५० किलोचे असते, म्हणजे ते अर्धा क्विंटल. मला हे फार आवडले. क्विंटल म्हणजे आमच्या शाळेची महिन्याची खिचडी.

घरचे वेगळे निघाले. आमच्या रेशनकार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. सहा माणसांचे ३० किलो. म्हणजे रेशनचा एक क्विंटल जमायला ३ महिने १० दिवस लागतात. आई म्हणाली, "आणि खायला किती दिवस लागतात ते नको लिहू."

आजीला क्विंटल म्हणता येत नाही. ती कुंटल म्हणते. ती अजून पायलीनेच मोजते. तिने मला तिचे कोष्टक सांगितले. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. हे तिला न चुकता येते, आणि ती शाळेत गेलेली नाही. ती म्हणाली, "मग किती पायल्यांचा तुझा कुंटल?" मी वहीत मांडून बघितले, पण येईना. नंतर गुरुजींनी सांगितले की ते येणारच नाही. पायली हे माप आहे, वजन नाही. पायलीत जेवढे मावेल तेवढे. पायलीभर भात हलके भरते, पायलीभर तांदूळ जड भरतो. प्रत्येक धान्याची पायली वेगळी. मी आजीला हे सांगितले. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आणि कुंटल सगळ्याचा सारखाच?" मी म्हटले, "हो. कापसाचा पण सारखाच." ती म्हणाली, "मग बरं हाय."

गुरुजी म्हणाले की पूर्वी वजनाचेही शेर आणि मण होते, आणि तेही गावोगाव वेगळे. सरकारी मण ४० शेरांचा, म्हणजे सुमारे ३७ किलो ३२४ ग्रॅम. मुंबईचा जुना मण मात्र फक्त पावणेतेरा किलोच्या आसपास. एकाने मणाचा भाव ठरवायचा आणि दुसऱ्याने दुसराच मण धरायचा. यात फसणारा फसायचा. म्हणून १९५६ साली कायदा झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशाच्या काही भागांत किलोची वजने आली आणि १९६२ पासून ती सगळीकडे सक्तीची झाली. क्विंटल हा शब्द अरबी किंतार या शब्दावरून आला. त्याच्याही मुळाशी लॅटिन भाषेतला शंभर आहे.

उसाची एक गंमत सांगतो. पेपरात वाचले की २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये उसाचा दर ठरवला. आमच्याकडे सगळे टनाला साडेतीन हजार म्हणतात. मला वाटले पेपरवाल्यांनी एक शून्य खाल्ले. मी ते पेनने लिहून पण टाकले. ताईने डोक्यात टपली मारली आणि कोष्टकाची तिसरी ओळ म्हणायला लावली. १० क्विंटल म्हणजे १ टन. बेळगावच्या बाजारात आमच्या भागातली रताळी जातात, तिथेही भाव क्विंटलवरच निघतो. म्हणजे भाव क्विंटलचा असतो, पण क्विंटल कुणी बघत नाही. पोती बघतात.

सुट्टी संपली आणि शाळा सुरू झाली. गुरुजींनी विचारले, "कोण कोण क्विंटल बघून आले?" मी खिचडीचा सांगितला. शाबासकी मिळाली. मग गुरुजी म्हणाले, "आता आपण वर्गातच क्विंटल करू." भिंतीवर आमच्या उंचीचा आणि वजनाचा तक्ता आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर गुरुजींनी सगळ्यांची वजने घेतली होती, तीच त्यात आहेत. चार मुले अशी निवडायची की बेरीज बरोबर १०० यायला पाहिजे. खूप खटपट केली. शेवटी २७, २४, साडेतेवीस आणि साडेपंचवीस अशी बेरीज जमली. साडेपंचवीस म्हणजे मी. आम्ही चौघे फळ्यापुढे हात धरून उभे राहिलो. गुरुजी म्हणाले, "हा बघा क्विंटल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण मी म्हणालो, "गुरुजी, माझे वजन २३ किलो ७०० ग्रॅम आहे."

गुरुजींनी तक्ता बघितला. "जूनमध्ये २५ किलो ५०० भरलास की."

"पण मे महिन्यात २३ किलो ७०० होते. मी स्वतः आकडा वाचला होता."

"मेमध्ये कधी?"

"शेवटी. मिरगाच्या आधी."

गुरुजी म्हणाले, "वीस दिवसांत १ किलो ८०० ग्रॅम वाढलास? काय खाल्लंस रे?" मी म्हटले, "काजूची बोंडं." सगळा वर्ग हसला. मी पण हसलो. पण जागेवर बसल्यावर माझे हसू गेले. मला मे महिन्यातले सगळे आठवले.

ते आता सांगतो. त्याच्या आधी आबांचे थोडे सांगावे लागेल.

आबा १९७४ साली मुंबईला गेले. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. दाणाबंदरला ते माथाडी होते. माथाडी म्हणजे डोक्यापाठीवरून ओझे नेणारा. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ साली कायदा झाला आणि अण्णासाहेब पाटील त्यांचे पुढारी होते, हे आबा नेहमी सांगतात. तेव्हा धान्याचे पोते १०० किलोचे असायचे. दोघांनी उचलून तिसऱ्याच्या पाठीवर द्यायचे आणि त्याने चालत जाऊन थप्पीला लावायचे. म्हणजे एक पोते एक क्विंटल. आबा दिवसाला साठ-सत्तर पोती न्यायचे. मी हिशोब केला, साठ पोती म्हणजे साठ क्विंटल, म्हणजे ६ टन. एका माणसाने, एका दिवसात! आबांच्या मानेच्या मागे अजून कातडी जाड आहे. लहानपणी मला वाटायचे की सगळ्या आजोबांची तशी असते.

मजुरी पोत्यावर मिळायची. पोते ९८ किलोचे असो की १०५ चे, पैसे तेवढेच. म्हणून आबांच्या पाठीला कळायचे की पोते जड आहे की हलके. आता ते पाठीवर घेत नाहीत. पोत्याचे दोन कान धरून गुडघ्यापर्यंत उचलतात आणि किती भरेल ते सांगतात. गावात कुणाचे भात, कुणाची नाचणी विकायला निघाली की आबांना बोलावणे यायचे. आबा उचलायचे, खाली ठेवायचे, हात झटकायचे आणि आकडा सांगायचे. कधी चहा मिळायचा. मी बरोबर असलो तर मला बिस्कीट मिळायचे.

गेल्या मे महिन्यात आमच्या काजूच्या बिया वाळवून झाल्या. बिया गोळा करण्याचे काम आई, ताई आणि मी करतो. झाडाखाली पडलेली बोंडे उचलायची, बी पिळून काढायची. बोंडाचा रस कपड्याला लागला की डाग जात नाही, माझे दोन शर्ट त्यात गेले. दोन महिने रोज सकाळी जाऊन आमची दोन पोती झाली. खताची रिकामी प्लास्टिकची पोती धुऊन घेतली होती. आबांनी पहिल्याचे कान धरून उचलले. "पन्नास." दुसरे उचलले. "ह्ये बी पन्नासच." आई म्हणाली, "म्हणजे क्विंटल झाला." दर किलोला १५० रुपये होता. १०० गुणिले १५० म्हणजे १५ हजार. त्यात घराच्या मागच्या पडवीचे वासे आणि कौले बदलायची ठरली होती. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे.

शेजाऱ्यांच्या टेम्पोतून आम्ही पोती बाजारच्या गावी नेली. आई, आबा आणि मी. तिथे बिया घेणारे एक व्यापारी आहेत. त्यांचे नाव लिहायचे नाही असे गुरुजींनी सांगितले आहे. त्यांचा जमिनीवर ठेवायचा मोठा विजेवरचा काटा होता, तांबडे आकडे येणारा. पहिले पोते ठेवले. ४६ किलो ५०० ग्रॅम. दुसरे ठेवले. तेही ४६ किलो ५००. मिळून ९३ किलो.

आबा म्हणाले, "काटा जरा बघा की वो."

तो माणूस म्हणाला, "आजोबा, मशीन कधी खोटं बोलतंय होय? तुमचं वय झालं आता."

आणि मी, मला आकडे वाचता येतात म्हणून, मोठ्याने म्हणालो, "आबा, सेहेचाळीस किलो पाचशेच आहे. तुमचा अंदाज चुकला."

तिथे सात-आठ माणसे होती. सगळी हसली. मला वाटले मी काहीतरी हुशारीचे बोललो. आबा काही बोलले नाहीत. बाहेर जाऊन टेम्पोच्या सावलीत बसले. आई पैसे मोजून घेत होती तोवर मी गंमत म्हणून काट्यावर उभा राहिलो. २३ किलो ७०० ग्रॅम. तो माणूस म्हणाला, "पोरगं हलकं हाय."

९३ गुणिले १५० म्हणजे १३ हजार ९५०. आमचे १ हजार ५० रुपये कमी आले. वासे झाले, पण कौले थोडी कमी पडली. एका कोपऱ्यावर ताडपत्री घातली. जुलैत ती वाऱ्याने उडाली आणि माझे तिसरीचे भाषेचे पुस्तक भिजले. ते काही मोठे नाही, मी चौथीत गेलोच होतो. पण आबांनी त्या दिवसापासून पोती उचलायची सोडली. कुणी बोलवायला आले तर म्हणायचे, "मला काय कळतंय गा आता. मशीनला इचारा." दिवाळीआधी भाताची मळणी झाली तेव्हा शेजारचे दादा दोनदा येऊन गेले. आबा गेले नाहीत. सोप्यात बसून दोरी वळत राहिले.

तर गुरुजींनी चौघांचा क्विंटल केला त्या रात्री मला झोप येईना. मी उठून वही काढली. ताई ओरडली, पण मी दिवा लावला.

जूनमध्ये मी २५ किलो ५००. जुलैत आरोग्य तपासणीचे पथक शाळेत आले होते, त्यांचा काटा वेगळा. त्यावर मी २५ किलो ६०० भरलो. म्हणजे दोन काटे जवळजवळ सारखे बोलत होते. तिसराच वेगळा बोलत होता. त्या तिसऱ्या काट्याने माझ्यातले १ किलो ८०० ग्रॅम कमी दाखवले. पोते माझ्या जवळजवळ दुप्पट. मग पोत्यातले दुप्पट कमी दाखवले असेल. १ किलो ८०० ची दुप्पट ३ किलो ६००. ते ४६ किलो ५०० मध्ये मिळवले.

५० किलो १०० ग्रॅम.

मी तीनदा बेरीज केली. तीनदा तेच आले.

सकाळी शाळा भरायच्या आधी गुरुजींना वही दाखवली. गुरुजींनी बराच वेळ बघितले. मग म्हणाले, "रीत बरोबर आहे. पण वीस दिवसांत तू थोडा वाढलाही असशील. कपड्यांचाही फरक पडतो. आणि काटा आपोआप बिघडतो, तसा कुणी मुद्दामही बिघडवतो. यातले कोणते, ते घरात बसून ठरवायचे नाही. काटा तपासायचा." मी विचारले, "पण गुरुजी, कुठला काटा खरा हे काट्याला कसे कळते?"

तेव्हा गुरुजींनी जे सांगितले ते ऐकून मी थक्क झालो. फ्रान्समध्ये पॅरिसजवळ सेव्र नावाच्या गावी प्लॅटिनम आणि इरिडियम या धातूंचा एक लहानसा दंडगोल आहे. १८८९ पासून साऱ्या जगाचा किलो म्हणजे तो. त्याच्या नकला देशोदेशी दिल्या. आपल्या देशाला ५७ नंबरची मिळाली. ती दिल्लीला राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. तिच्यावरून दुसरी वजने, त्यांच्यावरून तिसरी, अशी करत करत दुकानातली वजने तपासतात. पण मूळ दंडगोल आणि त्याच्या नकला यांच्यातही शंभर वर्षांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग! तेवढ्यासाठी जगभरचे शास्त्रज्ञ काळजीत पडले. आणि २० मे २०१९ पासून किलो त्या दंडगोलावर ठेवलाच नाही. आता तो प्लांकचा स्थिरांक नावाच्या कधीही न बदलणाऱ्या संख्येवरून ठरवतात. ते पुढे कॉलेजात शिकायला मिळेल.

माझ्या मनात आले, पॅरिसला ५० मायक्रोग्रॅमसाठी एवढे केले, आणि आमचे ७ किलो गेले तर मी हसलो.

गुरुजींनी आणखी सांगितले, ते पालकांसाठी लिहितो. व्यापाऱ्याचा विजेवरचा काटा दर वर्षी सरकारच्या वैधमापनशास्त्र खात्याकडून तपासून घ्यावा लागतो. त्याचे प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावायचे असते. ते बघायला मागता येते. शंका आली तर त्या खात्याकडे तक्रार करता येते. आणि सगळ्यात सोपे म्हणजे खरे वजन बरोबर न्यायचे, आपल्या मालाच्या आधी ते काट्यावर ठेवायचे आणि आकडा बघायचा.

संध्याकाळी मी आबांकडे गेलो. ते सोप्यात दोरी वळत होते. माझ्या पोटात गोळा आला होता. मी वही त्यांच्यापुढे धरली. मग आठवले की त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही, म्हणून वाचून दाखवली. माझे वजन, पोत्याचे वजन, वजाबाकी, दुप्पट, बेरीज. आबा दोरी वळायचे थांबले.

"म्हंजे पन्नासच हुतं?"

"पन्नास किलो आणि शंभर ग्रॅम, आबा."

आबांनी जरा विचार केला. मग म्हणाले, "शंभर ग्रॅम पोत्याचं."

मी म्हटले, "आबा, मी तिथं सगळ्यांसमोर बोललो." मला पुढचे बोलता येईना. आबांनी दोरीचे एक टोक माझ्या हातात दिले. "धर घट्ट. पीळ सुटंल." मी धरले. आम्ही अंधार पडेपर्यंत दोरी वळली. मध्येच आजी आतून म्हणाली, "कुंटल झाला का न्हाई तुमचा?" आबा म्हणाले, "झाला." आणि हसले. त्यांचे पुढचे दोन दात नाहीत, ते मे महिन्यापासून मला दिसलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आबा आणि मी दुकानदार काकांकडे गेलो आणि फळीखालचे ५ किलोचे लोखंडी वजन मागितले. काकांनी ते फुकट दिले. "घेऊन जा, मला काय त्याचं आता." वजन सहा कोनांचे आहे, काळे आहे. उलटे केले की त्याच्या भोकात शिसे भरलेले दिसते आणि त्या शिशावर सरकारी शिक्का आहे. पण तो फार जुना आहे. गुरुजी म्हणाले की वजन गंजले असेल, झिजले असेल, म्हणून यालाही तपासू. शाळेत आम्ही तराजू केला. एक काठी, मधोमध दोरी, दोन टोकांना तेलाचे दोन सारखे डबे. आधी रिकाम्या डब्यांची काठी सरळ राहते का ते बघितले. मग एका डब्यात वजन आणि दुसऱ्यात एक किलो मिठाचे पाच बंद पुडे. पुडे काकांकडून उसने आणले होते, एकही न फोडता परत दिले. काठी जवळजवळ सरळ राहिली. मिठाची बाजू किंचित खाली गेली. मागच्या बाकावरचा तोच मुलगा ओरडला, "गुरुजी, पिशवीचं वजन!" या वेळी त्याला शाबासकी मिळाली. तरीही काजूच्या हंगामाआधी हे वजन खात्याकडून तपासून त्यावर नवा शिक्का मारून आणू, असे गुरुजींनी आबांना सांगितले आहे.

आबा परत पोती उचलायला जाऊ लागले आहेत. गेल्या आठवड्यात शेजारच्या दादांची नाचणी होती. आबांनी ४२ सांगितले. काट्यावर ४२ किलो ३०० भरली. मला बिस्कीट मिळाले.

आता काजूला मोहोर आला आहे. मार्चमध्ये बिया पडू लागतील.

ते ५ किलोचे वजन या भित्तिपत्रकाखाली बाकावर ठेवले आहे. सर्वांनी एकेकदा उचलून बघावे, लहान मुलांनी दोन्ही हातांनी. अशी २० वजने म्हणजे एक क्विंटल. पायावर पाडू नये. आणि घरी नेऊ नये, कारण ते मार्चमध्ये आम्हाला लागणार आहे. आज आबाही झेंडावंदनाला आले आहेत, पांढऱ्या टोपीत दाराजवळच्या खुर्चीवर बसलेले तेच. कुणाचे काही उचलायचे असेल तर त्यांना सांगावे.